‘आम्ही’ आणि ‘आपण’

इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत त्याचे दोन शब्द होतात. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात लाखाहून अधिक माणसं बसतात. एक बाजू ‘वुई आर’ असा पुकारा करते, समोरून ‘पेन स्टेट’ असं उत्तर येतं. त्या आरोळीतला ‘वुई’ कोणता, हा प्रश्न २०११च्या नोव्हेंबरपासून माझ्या मनातून जात नाही.

त्या महिन्यात संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल अटक झाली. हलाखीतल्या मुलांसाठी त्याने १९७७मध्ये ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली होती आणि तिथूनच तो मुलं हेरत होता. सामन्यांची तिकिटं, खेळाडूंच्या भेटी, संघाबरोबरचा प्रवास ही त्याची आमिषं. म्हणजे ती मुलं त्या संघाच्या ओढीनेच जवळ आली होती. इतर चाहत्यांसारखीच तीही चाहती होती, हे मला फार छळतं.

अटकेनंतर चार दिवसांनी विश्वस्तांनी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना पदावरून दूर केलं. ४६ हंगाम, ४०९ विजय. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलथवली गेली. दुःख खरं होतं, हे मी नाकारत नाही. पण ते कोणासाठी होतं?

२००१मध्ये संघातल्याच एका तरुण साहाय्यकाने सँडस्कीला रात्री न्हाणीघरात एका मुलाबरोबर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंना सांगितलं. पॅटर्नोंनी ते वरिष्ठांच्या कानावर घातलं. १९९८मध्ये एका आईने केलेल्या तक्रारीची पोलीस चौकशीही वरिष्ठांना ठाऊक होती. तरीही बालकल्याण खात्याला कळवायचं नाही, सँडस्कीलाच समज द्यायची, असं ठरलं. विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांनी ईमेलमध्ये या मार्गाला माणुसकीचा म्हटलं. माणुसकी कोणाशी? न्हाणीघरातला मुलगा कोण, हे शोधण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे त्या मुठीत मुलं होती.

म्हणून ‘संस्थेची बदनामी करू नका’ हा युक्तिवाद मला पटत नाही. बदनामी टाळण्याच्या याच हिशेबाने सँडस्कीला आणखी दहा वर्षं मिळाली. २०१२मध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला. स्पॅनियर आणि त्यांच्या दोन अधिकाऱ्यांच्या शिक्षेला २०१७ उजाडलं.

मधल्या काळात एनसीएए या क्रीडा नियामक संघटनेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड केला आणि संघाचे ११२ विजय नोंदींतून पुसले. मला हे पुसणं चुकीचं वाटतं, पण पॅटर्नोभक्तांच्या कारणाने नव्हे. त्यामुळे सगळा वाद आकड्यावर गेला. ‘४०९’ टी-शर्टांवर आला, आणि २०१५मध्ये विजय परत मिळाले तेव्हा न्याय झाल्याचा आनंद झाला. त्या हिशेबात मुलं कुठेच नव्हती. पॅटर्नोंवर कधी खटला झाला नाही, ते २०१२च्या जानेवारीतच गेले, हेही खरं. पण ‘गुन्हा नाही’ आणि ‘जबाबदारी नाही’ यांत अंतर आहे. आणखी काही करायला हवं होतं, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. चाहत्यांना त्यांच्या तोंडची तेवढी कबुलीही सोसवली नाही.

तरी सगळे तसे नव्हते. माजी विद्यार्थ्यांनी अत्याचारपीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला काही महिन्यांत पाच लाख डॉलर जमवून दिले. त्याच विद्यापीठाच्या प्रेमातून आलेला तो पैसा होता.

२०१६च्या सप्टेंबरमध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून पॅटर्नोंच्या पहिल्या सामन्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मैदानात त्यांचा गौरव ठरला. तेव्हा ‘द डेली कॉलेजियन’ या विद्यार्थी दैनिकाने अग्रलेख लिहून विरोध केला. हे लिहिणारी मुलं अटकेच्या वेळी शाळेत होती. जुन्या चाहत्यांनी त्यांच्यावर आग पाखडली, विद्यापीठाशी तुमचं नातंच काय, अशा सुरात. मला मात्र त्या अग्रलेखात, इतक्या वर्षांनी, ‘आपण’ ऐकू आलं.