टपालखर्च निराळा

पुस्तकाच्या जाहिरातीखाली बारीक टाइपात ‘टपालखर्च निराळा’ असे दोन शब्द छापण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्या शब्दांत रक्कम नसे, पण इशारा असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहून पुण्यामुंबईहून मराठी पुस्तक मागविणाऱ्यास तेवढ्यावरून कळे की, छापील किमतीपाशी आपला हिशेब संपत नाही. मग तो एक कार्ड टाकून विचारी, आणि उत्तर आल्यावर मनिऑर्डर करी.

आता मागणी इंटरनेटवरून होते. उत्तरास क्षणभरही लागू नये. तरी टपालखर्चाविषयीचे बोलणे पूर्वीपेक्षा मोघम झाले आहे. समजा, २०० रुपयांचे म्हणून एक पुस्तक निवडले. नाव, पत्ता, पिनकोड, फोन सर्व भरले. आणि अखेरच्या पानावर ९० रुपये वाढलेले दिसले. येथे कोणी खोटे बोलले काय? अक्षरशः पाहता, नाही. रक्कम दाखविली, पैसे देण्यापूर्वी दाखविली, आणि ‘नको’ म्हणण्याची वाटही मोकळी होती. मग आपणांस फसविल्यासारखे का वाटते?

आमचे उत्तर असे की, माणूस निवड करीत असताना जी गोष्ट त्यास कळावयास हवी, ती निवड झाल्यावर सांगणे हा न सांगण्याचाच एक प्रकार होय. अखेरच्या पानापर्यंत येता येता त्याने ते पुस्तक मनाने घरी नेलेले असते. विक्रेत्यास हे ठाऊक असते, म्हणूनच तो आकडा तेथे ठेवलेला असतो.

हा आमचा नुसता संशय नव्हे. तंजीम हुसेन व जॉन मॉर्गन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘ईबे’वरील लिलावांत त्यांनी गाण्यांच्या सीडी आणि व्हिडिओ खेळ विकावयास ठेवले. काहींची सुरुवातीची बोली ४ डॉलर आणि टपालखर्च शून्य. काहींची बोली १ सेंट आणि टपालखर्च ३ डॉलर ९९ सेंट. बेरीज एकच! तरी दुसऱ्या प्रकाराकडे अधिक गिऱ्हाइके वळली, आणि एकंदर पैसाही बहुधा अधिक मिळाला. तराजू खरा असून एक पारडे अंधारात ठेवल्यासारखे हे झाले.

आपल्या देशात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्यास एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल व हाताळणीसह, दाखविण्यास सांगितले आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी किंमत थेंबाथेंबाने उघड करण्याची युक्तीही निषिद्ध मानली. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक-हक्क निर्देशातील एक कलम मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावते. जो जादा खर्च विक्रेत्याने आधी सांगितला नाही, तो गिऱ्हाइकाने सोसावयाचा नाही, असे ते म्हणते. म्हणजे मौनाचे बिल मौन पाळणाऱ्याच्याच नावे!

‘पोच मोफत’ ह्या शब्दांचे काय? पार्सल फुकट जात नाही. तो खर्च किमतीत मिसळलेला असतो, आणि शेजारच्या गल्लीतला गिऱ्हाईक ग्वाल्हेरवाल्याच्या टपालाचा वाटा उचलतो. ह्यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. १८५४ साली आपल्या टपालखात्याने पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरविला, तेव्हा जवळच्याने दूरच्याचा भार उचलण्याचेच तत्त्व मान्य झाले. पण ते उघडपणे झाले. ‘टपालखर्चासह’ म्हटल्याने काय बिघडते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

दुसरी एक गाठ ह्याहून अवघड आहे. ९० रुपये घेतले आणि पार्सलावर ४५ चेच लेबल निघाले, तर उरलेले कोणाचे? पुठ्ठा, चिकटपट्टी, टपालकचेरीपर्यंतची पायपीट ह्यांना मोल आहे, आणि ते मागण्यात काही गैर नाही. मात्र त्यास ‘टपाल व बांधणी’ म्हणावे. तीन पुस्तके एकाच खोक्यात घालून तीनदा टपाल घेणे ह्याला मात्र कोणतेच नाव शोभत नाही. पुस्तकांसाठी टपालखात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा त्याचा सुरुवातीचा दर होता. हे पार्सल जमिनीवरून सावकाश जाते. घाई नसलेल्या गिऱ्हाइकास अशी वाट आहे हे न सांगता महाग कुरियरचाच आकडा कळविणे, ह्यासही आम्ही अर्धे बोलणेच म्हणू.

पण गिऱ्हाईक तरी धुतल्या तांदळासारखा असतो काय? व्ही. पी.च्या काळात पोस्टमन दारात उभा राहिल्यावर ‘आम्ही मागविलेच नाही’ म्हणणारे होते, आणि विक्रेत्याचा जाण्यायेण्याचा खर्च बुडे. आज पोच झाल्यावर पैसे देण्याच्या सवलतीचेही तेच होते. शिवाय आपण आधी विचारीत नाही, आणि मागाहून घासाघीस करतो. बेळगावातील एखादी बाई घरी केलेला मसाला व्हॉट्सअ‍ॅपवरून विकते. मोठ्या कंपनीच्या ‘मोफत’ला सोकावलेले आपण तिला सहज म्हणतो, “ताई, पोस्टेज तुम्हीच करा ना!” तिची एका पाकिटामागची सगळी कमाई त्या एका वाक्यात जाते. कंपनीच्या अखेरच्या पानाशी कोणी हुज्जत घालीत नाही, ताईशी घालतो.

तिची अडचण खरी असते. पिनकोड कळेपर्यंत आणि पाकीट तोलेपर्यंत तिला आकडा सांगता येत नाही. अशा वेळी तिने लिहावे, “अंदाजे ७० रुपये पडतील. पार्सल तोलून नक्की सांगते, तोवर पैसे पाठवू नका.” तोलल्यावर ५५ च निघाले, तर तेही कळवावे. आणि ८५ निघाले, तर घ्यावयाचे की नाही हे आपण तेव्हाच सांगून टाकावे. पाकीट दारात येईपर्यंत थांबू नये.