आधी कायदा वाच

भाषणाला टाळ्या पडल्या म्हणून हुरळून जाऊ नकोस. टाळ्या वाजवणाऱ्यांनी पेसा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, वाचला नव्हता, आणि तूही नाही. 'एका देशात दोन प्रकारचे नागरिक कशाला?' हे वाक्य पुन्हा पुन्हा फेकलंस, कलम मात्र एकही सांगितलं नाहीस. समतेवर बोलायला उभा राहतोस आणि राज्यघटना उघडूनही पाहत नाहीस?

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा म्हणजे देशात दुसरा देश, असं ठोकून दिलंस. अरे, १९९६ चा पेसा कायदा संसदेने केलाय. ती ग्रामसभा कुणाची, एवढं तरी बघायचंस. मतदारयादीत ज्याचं नाव, तो सभासद. गावातला बिगर-आदिवासीही तिथे बसतो, बोलतो, हात वर करतो. पंचायतीचं अध्यक्षपद आदिवासींसाठी राखीव आहे, त्यावर वाद घाल ना! पण बिगर-आदिवासींना गावाबाहेर ठेवलंय असं खोटं सांगू नकोस.

घटनाही उघड. देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य कलम १९ देतं. त्याच कलमाचा पाचवा खंड अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधन घालायची मुभाही देतो. समतेचं कलम १४ लिहिणाऱ्यांनीच हेही लिहिलं. कर्जापायी आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात कशा जातात, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता मेंढा-लेखा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाची घोषणा तू अर्धीच वाचून दाखवलीस. पूर्ण घोषणा अशी आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' पहिला भाग गाळलास आणि त्या माणसांना फुटीर ठरवलंस. ही लबाडी आहे. माझ्या वर्गात ती चालणार नाही.

त्या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, स्पष्ट शब्दांत. तरी वनखातं त्याला झाडच म्हणत राहिलं आणि वाहतूक परवाने देईना. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. याच जंगलपट्ट्यातला बांबू कागद कारखान्याला मात्र सरकारी करारावर वर्षानुवर्षं मिळत आला होता. कारखान्याला मिळत होतं ते हक्कदार गावाला मिळत नव्हतं, ही असमान वागणूक तुला दिसली नाही. तुला दिसलं ते फक्त गावाने हक्क मागणं.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? तुझ्या बाजूचं खरं बोलण्यासारखं होतं, ते तू शोधलंच नाहीस. आंध्रात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या शंभर टक्के जागा आदिवासींसाठी राखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. मर्यादा कुठे ओलांडली जाते, ते त्या निकालात मुद्देसूद मांडलंय. अनुसूचित भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बिगर-आदिवासी पोरांचा नोकरीचा प्रश्नही खराच आहे. तो तू अभ्यासाने मांडला असतास, तर मी एकेक शब्द लक्ष देऊन ऐकला असता. त्या पोरांनाही तू घोषणेखाली चिरडलंस.

सोमवारी पेसाचं कलम ४, घटनेचं कलम १९ आणि तो निकाल वाचून ये. याच विषयावर पुन्हा बोलायचंय तुला, आणि या वेळी ग्रामसभेच्या बाजूने.