रडून मोकळं व्हायचं की?

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. या पट्ट्यात १४ एप्रिलच्या आसपास वस्तीवस्तीत गाणी होतात, पथनाट्यं होतात. अत्याचाराचा प्रसंग आला की बाया पदर डोळ्याला लावतात. मग टाळ्या. माणसं हलकी होऊन घरी जातात, सकाळी लोकल पकडतात. माझा सवाल एवढाच, हे हलकं होणं चांगलं की वाईट?

सवाल जुनाच आहे. ग्रीसचा प्लेटो म्हणाला, कवी भावना भडकवतात, आदर्श नगरात त्यांना जागा नको. त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल म्हणाला, शोकांतिका करुणा आणि भीती जागवून त्यांचं विरेचन करते. ठीक. पण कुणाचं विरेचन? कुणाच्या दुःखावर? त्याचा नायक नामांकित घराण्यातला. आणि गुलाम? तो सर्वस्वी हीन, असं त्याच काव्यशास्त्रात लिहिलंय.

आता दुसरी गोष्ट. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी फौजांनी मिलेटस हे ग्रीक शहर पाडलं. फ्रिनिकसनं त्यावर नाटक केलं. हिरोडोटस सांगतो, सगळे प्रेक्षक रडले. आणि अथेन्सनं नाटककाराला १००० द्राख्मा दंड ठोकला, नाटकावर बंदी घातली. का? तर आपल्याच माणसांचं दुःख आठवून दिलं म्हणून. म्हणजे राजा ईडिपसवर रडून मोकळं होता येतं. आपल्या भाऊबंदांवर रडलं की जखम उघडी होते, ती झोपू देत नाही. हे त्यांनाही कळत होतं.

भीमराव कर्डकांच्या जलशाला हे पक्कं ठाऊक होतं. साचा तमाशाचा, पण लोकांना नुसतं हसवून-रडवून तो थांबला नाही. काय सोडायचं, काय धरायचं, ते तोंडावर सांगितलं.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. जन्मभर लोकांचं दुःख गाणाऱ्याचं कसलं विरेचन झालं? शाहिरानं जळायचं आणि आपण हलकं व्हायचं, हा सौदा मला मान्य नाही.

म्हणून मित्रांनो, कार्यक्रम संपला की सतरंज्या गोळा करायच्या आधी पाच मिनिटं बसा. ज्या प्रकरणावर आत्ता रडलो त्याची केस कुठवर आली? पुढच्या तारखेला साक्षीदाराबरोबर कोण जाणार? नाव द्या. वहीत लिहा. मग घरी जा.

जयभीम.