वैषम्य, नैर्घृण्य आणि बिहारचा भूकंप

सन १९३४ च्या जानेवारीत, १५ तारखेस दुपारी जो भूकंप झाला, त्यात मुंगेर शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले, मुजफ्फरपूर व दरभंगा येथील वस्त्या कोसळल्या आणि एकट्या बिहारात सात हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत असलेल्या गांधीजींनी, हे अस्पृश्यतेच्या पातकाबद्दल ईश्वराने केलेले शासन आहे, असे जाहीर सांगितले. आणि त्या पातकाविषयी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत असलेल्या रवींद्रनाथांनी तितक्याच जाहीरपणे या विधानास हरकत घेतली. ती हरकत आणि तिला दिलेले उत्तर ही दोन्ही गांधीजींच्याच ‘हरिजन’ पत्रात छापली गेली.

रवींद्रनाथांचे म्हणणे असे, की भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात. त्यांत नीतीचा निवाडा शोधू लागलो, तर अपराधी-निरपराध असा भेद न करता सरसकट प्राण घेणाऱ्या नियंत्यापेक्षा मनुष्यच नीतीने श्रेष्ठ ठरेल. शिवाय, हा कोप गांधीजींच्या चळवळीवरच झाला, असे सनातन्यांनी म्हटले असते, तर त्यांना कोणत्या पुराव्याने खोडून काढता आले असते? आपला समज आपण सिद्ध करू शकत नाही, हे गांधीजींनी प्रांजळपणे कबूल केले. मात्र तो चुकीचा ठरला तरी त्यायोगे आत्मशुद्धीचा प्रयत्न अधिक नेटाने होईल, असा त्यांचा जबाब होता. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या समजाचा लाभ होतो तो जिवंतांना, आणि त्यासाठी अपराधी ठरतात ते मृत, ज्यांत ढिगाऱ्यांखाली गाडले गेलेले अस्पृश्यही होतेच.

हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी टाळलेला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप ठेवून त्यांची रीतसर सुनावणी केलेली आहे. शंकराचार्यांनी ईश्वराच्या वतीने दिलेली कैफियत अशी, की पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण साळीतून साळ उगवते आणि जवातून जव. तसा ईश्वर सर्वांस साधारण कारण असून सुखदुःखाचा भेद ज्याच्या-त्याच्या कर्माने होतो. मग पहिले कर्म कोठून आले, असे विचारल्यास संसार अनादि आहे, हे उत्तर तयार आहे. तर्क म्हणून ही रचना निर्दोष असेलही. पण तिने ईश्वराची निर्दोष मुक्तता होते ती दुःख भोगणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवून. भिंतीखाली सापडलेले तान्हे मूल कोणत्या गुन्ह्याचा दंड भरत होते, हे त्याच्या आईस सांगण्यासाठी अज्ञात पूर्वजन्माचे दप्तर उघडावे लागते, आणि त्या दप्तराची नक्कल कोणालाही कधीच मिळत नाही.

आणि याच दप्तराच्या आधारावर आपल्या समाजाने शतकानुशतके काय केले? महार, मांग, चांभार यांचा जन्म हेच त्यांच्या पूर्वपातकाचे फळ, असे सांगून त्यांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले. गांधीजी पूर्वजन्माचे नव्हे, तर सवर्णांच्या चालू पातकाचे बोलत होते, हा भेद मोठा आहे आणि तो त्यांच्या पदरी टाकलाच पाहिजे; तरीही, आपत्ती कोसळली त्या अर्थी पाप असलेच पाहिजे, हे अनुमान दोन्हीकडे एकच. ज्या अनुमानाने अस्पृश्यता पोसली, त्याच अनुमानाने ती मारता येईल, असे मला वाटत नाही.

ईश्वर दयाळू आहे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. त्या निष्ठेचा पाडाव करावा, हा या लेखाचा उद्देश नाही. ईश्वराच्या वतीने भूकंपाचे समर्थन करण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर कोणी टाकलेली नाही. भूकंपानंतर लगेच तुरुंगातून सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतकार्याच्या उभारणीस लागले, आणि मार्चात गांधीजी स्वतः त्या उद्ध्वस्त मुलखात फिरले. अन्न, वस्त्र, निवारा देताना पीडितांचे पूर्वकर्म त्यांपैकी कोणीही तपासले नाही. पुढची आपत्ती येईल तेव्हा श्रद्धावंतांनी त्यांच्या या आचरणाचा दाखला घ्यावा आणि मृतांच्या पापांची चौकशी कोणी आरंभिली, तर ती तेथेच थांबवावी, एवढीच माझी विनंती आहे.