इंजिन ज्याचे, नियम त्याचे

रोह्यात लहानपण गेलेले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला गेले, तेव्हा देश पारतंत्र्यात होता. ४४ देशांच्या त्या परिषदेत ठरणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतली मते मुख्यतः कोट्याच्या प्रमाणात मिळणार होती. भारताच्या वाट्याला ४० कोटी डॉलरचा कोटा आला, चीनला ५५. भारतीय प्रतिनिधी त्यावरून भांडले. पदरात फारसे पडले नाही, पण कोणाचे वजन किती हे निदान कागदावर होते.

वेबचे नियम ठरतात तिथे असा कागदच नाही.

अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांनी २००४ मध्ये ‘व्हॉटडब्ल्यूजी’ हा गट काढला. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या जुन्या, शेकडो सदस्यांच्या संस्थेने वेबपानांच्या भाषेचा, एचटीएमएलचा, मसुदा त्याच्याच हाती सोपवला. आज सुकाणू चौघांकडे आहे: अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला. सूचना कोणीही करू शकतो, हे खरे. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती उचलली नाही तर ती तिथेच राहते. या चौघांतही मायक्रोसॉफ्टने २०२० पासून गूगलचेच क्रोमियम, त्यातल्या इंजिनासकट, स्वीकारले आहे, तर मोझिलाची बरीचशी कमाई गूगल सर्चच्या करारातून येते. चौघांचे चार आवाज उरलेत कुठे?

पेणच्या गणपती कारखान्यांकडे पाहिले की हे लांबचे राजकारण जवळ येते. मूर्तीचा जीव डोळ्यांच्या आखणीत असतो. वेबसाइटवर टाकायचा फोटो हलका करायला जुनी जेपेग फाइल जास्त दाबली, की नेमकी तीच बारीक रेघ फिसकटते. गूगलने २०१० मध्ये वेबपी हे नवे चित्रस्वरूप आणले, सफारीने ते घ्यायला २०२० उजाडले. मधली दहा वर्षे वेबसाइटवाल्यांनी प्रत्येक चित्राच्या दोन प्रती सांभाळायच्या. पुढे जेपेग एक्सएल आले. त्यात गूगलच्याच संशोधकांचा हात होता, आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनही ते मान्य झाले. तरी २०२२ मध्ये क्रोमने पुरेसा रस दिसत नाही म्हणून ते काढायचे ठरवले, आणि २०२३ मध्ये सफारीने घेतले. मानक मंजूर होऊनही रेघ फिसकटायची ती फिसकटलीच.

‘मूर्ती तयार आहे’ हा वेबसाइटचा निरोप अँड्रॉइडवर क्रोममधून २०१५ पासून धाडता येतो. आयफोनवर ती सोय मार्च २०२३ मध्ये आली, तीही साइट होम स्क्रीनवर ठेवली तरच. दुसरा ब्राउझर घेऊन उपयोग नव्हता, कारण आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरच्या पोटात अ‍ॅपलचेच वेबकिट इंजिन. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायद्याच्या बळावर आपल्यापुरती ही अट मोडायला लावली.

गूगल सर्वांत जास्त काम करते, म्हणून त्याचा शब्द चालतो, असे म्हणतात. युक्तिवाद बिनबुडाचा नाही. ब्राउझरचे इंजिन सांभाळायला शेकडो अभियंते वर्षानुवर्षे पोसावे लागतात, आणि ती ऐपत फार थोड्यांची.

आपल्या सरकारने मात्र सोपी वाट धरली. २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर झाली, मार्च २०२५ मध्ये झोहोला एक कोटीचे पहिले बक्षीस मिळाले. त्यांचा ‘उला’ ब्राउझर क्रोमियमवरच उभा आहे. झोहोला दोष कशाला द्यायचा? एक कोटीत इंजिन होत नाही. सर्व्होसारख्या खुल्या इंजिनावर भारतीय अभियंत्यांची एक तुकडी दहा वर्षे बसवली, तर पुढचा मसुदा येईल तेव्हा ‘हे आम्ही घालणार नाही’ असे म्हणायला आपलेही कोणी असेल.