आत्मनिंदा नव्हे, आत्मपरीक्षण



माणूस इतरांशी जितके बोलतो, त्याहून अधिक तो स्वतःशी बोलत असतो. हे बोलणे कोणाच्या कानी पडत नाही, परंतु त्याचा परिणाम सबंध आयुष्यावर होतो. ‘माझ्या हातून काहीच धड होत नाही’, ‘माझ्यासारख्याची नमाज काय कबूल होणार’, ‘माझ्यामुळेच घरावर ही वेळ आली’ अशी वाक्ये आज आपल्या अनेक घरांत मुकेपणाने उच्चारली जात आहेत. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून नेमका फजरच्या वेळी डोळा लागलेला कामगार ती उच्चारतो. कापसाचे पीक हातचे गेल्यावर उसनवारी कशी फेडावी या विवंचनेत पडलेला शेतकरी ती उच्चारतो. जळगावात शिकायला राहिलेला आणि नापास झाल्याचे घरी कळवण्याचे धाडस न होणारा मुलगा ती उच्चारतो. दिवसा मुलांवर हात उगारून रात्री त्यांच्या उशाशी रडणारी आईही तेच म्हणते.

यांतील अनेकांना वाटते की स्वतःला असे टोचत राहणे हीच धर्मनिष्ठा होय. जो स्वतःला जितका हीन लेखील तितका तो अल्लाहच्या जवळ जाईल, असा त्यांचा समज असतो. हा समज कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात तपासून पाहणे आवश्यक आहे.

एकाच छातीतील दोन आवाज

सूरह अल्-कियामाच्या आरंभी अल्लाहने नफ्से लव्वामाची, म्हणजे चुकीबद्दल स्वतःला दोष देणाऱ्या मनाची शपथ घेतली आहे. यावरून सदसद्विवेकाची टोचणी किती मोलाची आहे हे कळते. ती नसती तर माणूस पापालाच सवय समजून बसला असता. परंतु त्याच कुरआनच्या शेवटच्या सूरहमध्ये, माणसांच्या छातीत कुजबुज करून मागे सरणाऱ्यापासून अल्लाहचा आश्रय मागण्याची शिकवण आहे. विवेक छातीतच बोलतो आणि सैतानाचा वसवसाही तिथेच बोलतो. मग कोणता आवाज कोणाचा, हे कसे ओळखावे?

तो आवाज आपल्याला कुठे नेतो, ते पाहावे. विवेक कृतीकडे बोट दाखवतो. नमाज चुकली, ती अदा कर. मन दुखावलेस, क्षमा माग. त्याच्या बोलण्याला शेवट असतो आणि तो शेवट अल्लाहच्या दाराशी होतो. वसवसा मात्र माणसाकडेच बोट दाखवतो. तू वाईट आहेस, तू असाच राहणार, तुला तोंड दाखवायला जागा नाही, असे तो म्हणतो. त्याच्या बोलण्याला शेवट नसतो आणि तो त्या दारापासून माणसाला दूर नेतो. हजरत आदम (अ.) यांनी आपली चूक मान्य केली आणि त्याच श्वासात क्षमा मागितली. इब्लीसला मात्र क्षमा मागणे सुचलेच नाही.

सूरह अज्-जुमरमधील 53 वी आयत लक्षपूर्वक वाचा. ज्यांनी स्वतःवर अतिरेक केला, त्यांना उद्देशून ती अवतरली आहे. अल्लाह त्यांना आपल्या दयेपासून निराश न होण्यास सांगतो आणि तो सर्व गुन्हे माफ करणारा आहे, याची ग्वाही देतो. विशेष म्हणजे, त्यांना हाक मारताना तो त्यांना आपले दास म्हणूनच संबोधतो. ज्याला मालकाने ‘माझा’ म्हटले, त्याने स्वतःला टाकाऊ ठरवण्याचा अधिकार कोठून आणला?

शब्द बदलण्याची शिकवण

हजरत आयेशा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की कोणीही आपला जीव गलिच्छ झाला असे म्हणू नये, जीव बेचैन झाला असे म्हणावे. अरबीत दोन्ही शब्द जवळजवळ एकाच अवस्थेसाठी वापरले जात. तरीही प्रेषितांनी (स.) पहिला नाकारला आणि दुसरा दिला. पहिला शब्द माणसावर कायमचा शिक्का मारतो, तर दुसरा येऊन जाणाऱ्या स्थितीचे वर्णन करतो. मनातल्या वाक्यांतही हा बदल आपण आजपासून करू शकतो. ‘मी नालायक बाप आहे’ याऐवजी ‘आज मी मुलाशी कठोर वागलो’ असे म्हणावे. पहिल्या वाक्यावर कोणताही उपाय नाही, दुसऱ्यावर आहे.

प्रेषितांच्या (स.) काळात एका माणसाला मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झाली. एकदा कोणीतरी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि तो अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, असे सांगितले. शिक्षा टळली नाही, कृत्याला चांगले म्हटले गेले नाही, परंतु माणसाला धिक्कारू दिले नाही. दुसऱ्या पापी माणसाला जे बोलण्याची मनाई आहे, ते स्वतःला बोलण्याची मुभा कशी असेल?

हजरत हन्जला (रजि.) यांची व्यथा

हजरत हन्जला (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) लेखनिकांपैकी एक होते. एके दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांची विचारपूस केली, तेव्हा हन्जला दांभिक झाला, असे उत्तर त्यांनी दिले. प्रेषितांच्या (स.) सहवासात स्वर्ग-नरक डोळ्यांसमोर दिसतात आणि बायका-मुलांत, शेतीवाडीत परतलो की बरेच काही विसरायला होते, हे त्यांचे दुःख होते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ना उपदेश केला, ना दटावले. आपलीही अवस्था तशीच होते, असे ते म्हणाले आणि दोघे मिळून प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी (स.) सांगितले की ती अवस्था सदैव टिकली असती, तर देवदूतांनी वाटेत तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, परंतु एक वेळ अशी असते आणि एक वेळ तशी. हे त्यांनी तीनदा सांगितले.

मनातला कठोर निकाल हजरत हन्जला (रजि.) यांनी दुसऱ्यासमोर उच्चारला, म्हणून तो पालटला. मनातच ठेवला असता, तर त्याने कोणते रूप घेतले असते?

ही भीती निराधार नाही. साने गुरुजींना खानदेशात कोण ओळखत नाही? 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली त्यांनी विनोबांची प्रवचने लिहून घेतली. ‘इस्लामी संस्कृती’ या ग्रंथातून त्यांनी मराठी वाचकांना प्रेषितांच्या (स.) जीवनाचा आदराने परिचय करून दिला. जगावर प्रेम करणाऱ्या या माणसाच्या लेखनात स्वतःविषयी मात्र अपुरेपणाचा सूर पुन्हा पुन्हा उमटतो. 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यामागील सर्व कारणे सांगणे किंवा त्यांचा न्याय करणे हे आपले काम नाही. बोध मात्र घ्यावा. जो सर्वांचे अश्रू पुसतो, त्यालाही कोणीतरी अबू बक्र (रजि.) यांच्यासारखी विचारपूस करणारे हवे असते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, वसवशाशी वाद घालत बसू नये. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी मनाला पिकात शिरणाऱ्या मोकाट गुराची उपमा दिली आहे. गुरे शिरली म्हणून कोणताही शेतकरी आपले शेत नापीक ठरवत नाही. तो त्यांना हुसकावतो आणि पुन्हा कामाला लागतो. सहाबांच्या (रजि.) मनात असे विचार येत की ते बोलून दाखवणेही त्यांना असह्य वाटे. प्रेषितांनी (स.) त्या तिटकाऱ्यालाच ईमानचे लक्षण म्हटले.

दुसरी गोष्ट, ‘असे केले असते तर’ हा पाढा थांबवावा. या ‘जर’मुळे सैतानाच्या कामाला दार उघडते, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. हितकारक गोष्टीसाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी आणि झालेले त्याच्या निर्णयावर सोपवावे.

तिसरी गोष्ट, झोप उडाली, भूक मेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार असू शकतो. त्याला ईमानची कमतरता म्हणून हिणवू नये. प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याचा आदेश दिला आहे. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. सूरह अन्-निसाच्या 29 व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई केल्यावर लगेच अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याचे सांगितले आहे. मनाईचे कारणही दयाच आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. नापास झालेल्या मुलाला, कर्जात बुडालेल्या भावाला, थकलेल्या सुनेला आधी जवळ बसवा, मग हिशेब विचारा. त्यांच्या मनात एक कठोर न्यायाधीश आधीच बसलेला आहे. त्यात आपली भर नको.

हे अल्लाह, आमच्या चुका आम्हाला दाखव आणि त्या सुधारण्याचे बळ दे. आमच्या मनांना तुझ्या दयेपासून निराश होऊ देऊ नकोस आणि आम्हाला एकमेकांचा आधार बनव. आमीन.