श्रवणाचे मोल

भारतीय अध्यात्मविचारात श्रवण ही साधनेची पहिली पायरी मानलेली असल्यामुळे, ऐकण्यासाठी पैसे घ्यावेत की नाही हा प्रश्न निव्वळ बाजाराचा राहत नाही. बोलणारा, ऐकण्याची सोय करणारा आणि ऐकणारा या तिघांचे एकमेकांवर कोणते ऋण आहे, हे त्यात ठरवावे लागते. हा प्रश्न आज पॉडकास्ट ॲपच्या वर्गणीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे. जालना जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार करण्याला विशेष औचित्य आहे, कारण घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव याच जिल्ह्यात आहे. ज्यांच्या दासबोधातील नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणभक्तीपासून सुरू होते आणि सातव्या दशकात ज्यांनी श्रवणनिरूपणासाठी दोन स्वतंत्र समास खर्च केले, त्यांच्याच जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीत आज कीर्तन, प्रवचन आणि ग्रंथनिरूपण ऐकण्याचे मुख्य साधन खिशातला मोबाइल झाला आहे.

जालना एमआयडीसीची ओळख सळईच्या कारखान्यांनी घडवली. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये ते तापवून, दाबून, लांबवून बांधकामाची सळई काढायची, हे काम येथे पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस चालते. त्याच्या जोडीला, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केल्यापासून शहरात रुजलेला बियाणे उद्योग आहे. अशा वसाहतीत ऐकण्याच्या जागा आणि वेळा मोजक्याच असतात. लालबुंद सळई जिथून धावत बाहेर येते तिथे कान मोकळेच ठेवावे लागतात, आणि तिथे इअरफोन लावणे हे जिवावरचे धाडस ठरते. ऐकणे घडते ते गेटवरच्या रखवालदाराच्या खोलीत, वजनकाट्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, पाळी सुटल्यावर घरी परतण्याच्या वाटेवर आणि भाड्याच्या खोलीत झोप लागण्यापूर्वीच्या थोड्या वेळात. हे श्रवण तुकड्यातुकड्यांचे असते, म्हणूनच साधनातल्या लहान दोषाचीही त्याला मोठी किंमत मोजावी लागते.

त्या दोषांचे स्वरूप समजण्यासाठी पॉडकास्ट म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल. पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनी प्रसिद्ध होणारी आणि श्रोत्याला आपल्या सवडीने ऐकता येणारी ध्वनिमालिका. तिचा मूळ आधार फीड हा आहे. फीड म्हणजे भागांची नावे, तारखा आणि ध्वनिफायलींचे पत्ते असलेली खुली यादी, जी कोणतेही ॲप वाचू शकते. २००४ च्या सुमारास हे माध्यम आकाराला आले आणि २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला स्थान दिले, तेव्हा ही यादी कोणाच्याही मालकीची नव्हती. ॲप हे केवळ त्या यादीपर्यंत नेणारे दार होते. पुढे दारांचे मालक बलवान झाले. काही मालिका एकाच ॲपपुरत्या बंदिस्त झाल्या, तर काही दारे मालकांनी स्वतःच बंद केली. गूगल पॉडकास्ट हे मोफत ॲप २०१८ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये बंद करण्यात आले. श्रोत्यांना आपल्या मालिकांची यादी दुसरीकडे नेण्याची मुभा मिळाली खरी, पण ज्याच्यासाठी काहीच द्यावे लागत नाही त्याच्या टिकण्याची हमीही कोणाकडे मागता येत नाही, हे त्या घटनेने स्पष्ट केले. याशिवाय रोजच्या तक्रारी आहेतच. अर्धा ऐकलेला भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, डाउनलोड करून ठेवलेला भाग ऐन वेळी सापडत नाही, मराठी निरूपण शोधताना भलतेच काही पुढे येते, आणि निरूपण अर्थाच्या टोकाशी पोहोचत असतानाच जाहिरात सुरू होते.

या शेवटच्या तक्रारीकडे बहुतेकदा गैरसोय म्हणून पाहिले जाते, परंतु तात्त्विक दृष्टीने तीच सर्वांत गंभीर आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी श्रवण, मनन आणि निदिध्यासन करण्यास सांगतात. श्रवण म्हणजे अर्थ समजून ऐकणे, मनन म्हणजे ऐकलेले युक्तीने तपासणे आणि निदिध्यासन म्हणजे त्याच अर्थावर चित्त अखंड ठेवणे. पहिल्या पायरीची सारी सार्थकता पुढच्या दोन पायऱ्यांत असल्याने, श्रवण आणि मनन यांच्यामधली जागा जो विकत घेतो, तो श्रवणाचे फळच घेऊन जातो. जाहिरातीवर चालणारे ॲप पैसे घेत नाही. त्याऐवजी ते श्रोत्याचे अवधान जाहिरातदाराला विकते, आणि ज्ञानेश्वरांनी ज्या अवधानाची श्रोत्यांकडे पुन्हापुन्हा प्रार्थना केली ते हेच अवधान आहे. मोफत म्हणवल्या जाणाऱ्या श्रवणात श्रोता जे देतो ते पैशांहून अधिक मोलाचे असते, हे मान्य केल्याशिवाय वर्गणीच्या प्रश्नाचा न्याय्य विचार होऊ शकत नाही.

मैत्रेयीचा तो संवाद संपत्तीच्या वाटणीपासूनच सुरू होतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. गृहत्याग करू पाहणारे याज्ञवल्क्य दोन्ही पत्नींत वाटणी करू म्हणतात, आणि धनाने भरलेली पृथ्वी मिळाली तरी अमरत्व मिळेल काय, असे मैत्रेयी विचारते. धनाने ते मिळत नाही हे उत्तर प्रसिद्ध आहे. त्याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग मात्र तितका चर्चिला जात नाही. जनक राजा प्रत्येक उपदेशानंतर हजार गायी देऊ करतो आणि याज्ञवल्क्य दर वेळी आपल्या पित्याच्या मताचा दाखला देतात की, शिष्याला पूर्ण शिकवल्याशिवाय त्याच्याकडून काही घेऊ नये. येथे द्रव्याचा निषेध नाही, कारण हेच याज्ञवल्क्य जनकाच्या सभेत गायी हाकून नेण्यास संकोचले नव्हते. येथे आग्रह आहे तो क्रमाचा: आधी ज्ञान पूर्ण पोहोचावे, मग दक्षिणा यावी.

धर्मशास्त्राने हाच क्रम नियमात बांधला. मनुस्मृती ठरावीक वेतन घेऊन वेद शिकवणाऱ्याला भृतकाध्यापक म्हणते, आणि त्याला व त्याच्याकडून शिकणाऱ्यालाही श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. मात्र अध्ययन संपल्यावर शिष्याने शेतापासून भाजीपाल्यापर्यंत यथाशक्ती जे द्यावे, त्याला ती पूर्ण मान्यता देते. (त्या काळी अध्ययनाचे दार कोणाकोणाला बंद होते, हा त्या व्यवस्थेवरील आक्षेप वेगळा आणि अधिक मोठा आहे, दक्षिणेच्या औदार्याने तो पुसला जात नाही.) तुकोबांनी हा निर्बंध आणखी कडक केला. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, असे सांगणाऱ्या त्यांच्या अभंगात द्रव्य घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी ठरतो. आजच्या कीर्तनकारांच्या मानधनावर जे वाद होतात, त्यांत या अभंगाचा आधार वारंवार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे.

तथापि हे सारे निर्बंध बोलणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या मुखातून ज्ञान येते त्याला, लागू आहेत. ॲप स्वतः काही बोलत नाही. ते दुसऱ्याचे बोलणे साठवते, पोहोचवते आणि जिथे थांबले तिथून पुन्हा सुरू करून देते. त्याचे स्थान मांडव घालणाऱ्याचे आणि दिवाबत्ती करणाऱ्याचे आहे, आणि अशा श्रमाचे मोल देण्यास परंपरेने कधी हरकत घेतलेली नाही. मीमांसाशास्त्राने तर यज्ञातील ऋत्विजांच्या दक्षिणेलाही दान न मानता परिक्रय, म्हणजे कर्मासाठी त्यांचे श्रम मोल देऊन घेणे, असे मानले. इस्लामी धर्मशास्त्रातही याला समांतर असा विचार आढळतो. हनफी परंपरेतील पूर्वसूरींनी कुराण शिकवण्याचे वेतन निषिद्ध मानले होते, परंतु शिक्षकांना राजकोशातून मिळणारा आधार आटल्यावर ती विद्याच लोप पावेल या भीतीने उत्तरकालीन पंडितांनी त्याला अनुमती दिली. जे टिकावे असे वाटते त्याचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

यावरून ॲपने वर्गणी घ्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते; मात्र ती कशासाठी घ्यावी, यावर त्या होकाराची सारी भिस्त आहे. जाहिरातमुक्त ऐकणे, अनेक उपकरणांवर एकच यादी राखणे, भाग दूरच्या यंत्रावर साठवणे, या ॲपच्या स्वतःच्या श्रमाच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे मोल घेणे रास्त आहे. परंतु निर्मात्याने सर्वांसाठी खुले ठेवलेले निरूपण कुलूपबंद करून त्याच्या दाराशी पैसे घेणे म्हणजे जे आपले नाही ते विकणे होय. संतवाङ्मयाच्या बाबतीत तर हा दोष दुप्पट होतो, कारण ते मुळातच सर्वांसाठी रचलेले आहे. जिथे निर्माताच आपल्या श्रमासाठी मोल मागतो तिथे प्रश्न त्याच्या आणि श्रोत्याच्या विवेकाचा राहतो. पण तिथेही दाराचा वाटा किती असावा, हे विचारलेच पाहिजे. ॲपलने २०२१ मध्ये पॉडकास्टसाठी सशुल्क वर्गणीची सोय केली, तेव्हा पहिल्या वर्षी वर्गणीच्या ३० टक्के आणि पुढे १५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. मांडवाचे भाडे कीर्तनाच्या बिदागीच्या जवळ जाऊ लागले, तर त्या व्यवस्थेत मुख्य काय आणि आनुषंगिक काय, याचा विसर पडलेला असतो.

महाराष्ट्राला श्रवणाची एक सार्वजनिक व्यवस्था परिचित होती, तिचा येथे उल्लेख करावा लागेल. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभरात छप्पन्न गीते घरोघरी पोहोचली, तेव्हा रेडिओ बाळगणाऱ्याला टपाल कार्यालयात वार्षिक परवाना शुल्क भरावे लागत असे. म्हणजे ते श्रवणही विनामूल्य नव्हते. पण शुल्क एक जण भरत असे आणि ऐकत असे सारी आळी, ज्यात शुल्क न भरणाऱ्याला उठवण्याचा प्रश्नच येत नसे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि कालांतराने परवान्याची पद्धतही गेली. शुल्काची जागा जाहिरातीने घेतली, हा बदल सोयीचा वाटला; श्रोत्याचा प्रसारणावरचा हक्क मात्र त्याने सैल झाला, कारण ज्याच्या पैशावर व्यवस्था चालते त्याचेच ऐकण्याकडे तिचा कल राहतो.

रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेचे जे निरूपण केले आहे, ते या संदर्भात नव्याने वाचण्यासारखे आहे. समोरून उदंड आले तरी मूठभरच घ्यावे, असा त्यांचा दंडक आहे. भिक्षेच्या निमित्ताने दारोदार जाऊन लोकांना पारखावे, असेही ते अन्यत्र सांगतात. ॲपही श्रोत्याला पारखते. तो काय ऐकतो, कुठे थांबतो, केव्हा झोपतो, याची नोंद ठेवते. परंतु भिक्षेकरी दारात उभा राहून तोंडाने मागतो आणि नकार मिळाला तर पुढे जातो. ॲपच्या वर्गणीत नेमके हेच दोन गुण हरवलेले असतात. एक रुपयात चाचणी म्हणून परवानगी घ्यायची, आणि मग स्वयंचलित कपातीने दर महिन्याला खात्यातून रक्कम जात राहायची, हा प्रकार महिन्याच्या हिशेबावर जगणाऱ्या कामगाराला सर्वाधिक बोचतो. रिझर्व्ह बँकेने अशा आवर्ती कपातीपूर्वी चोवीस तास आधी सूचना देणे २०२१ पासून बंधनकारक केले, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील तेरा प्रकारांत वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश केला. कायद्याने जे आता ओळखले, ते भिक्षाधर्मात आधीपासून गृहीत होते: नकार देणे सोपे नसेल, तर दिलेले हे दिलेले ठरत नाही.

स्वेच्छेच्या वर्गणीवर ॲप चालू शकत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. ओव्हरकास्ट या ॲपच्या कर्त्याने, मार्को आर्मेंटने, २०१५ मध्ये सर्व सुविधा सर्वांना खुल्या करून ज्यांना वाटेल त्यांनी आश्रय द्यावा असा प्रयोग केला, परंतु पुढे त्या ॲपला जाहिराती आणि जाहिरातमुक्त वर्गणी यांचाही आधार घ्यावा लागला. आक्षेपात तथ्य आहे. मराठवाड्यातील गावोगावचे हरिनाम सप्ताह लोकवर्गणीवर चालतात आणि काहीही न देणारा त्याच पंगतीत बसतो, हे खरे. पण तिथे देणारा आणि न देणारा एकमेकांना ओळखतात, एक जण धान्य देतो तर दुसरा पाणी भरतो, आणि द्रव्याची उणीव श्रमाने भरून निघते. ॲपच्या श्रोत्यांमध्ये असा शेजार नाही. तो निर्माण होईपर्यंत निव्वळ श्रद्धेवर हिशेब जुळेल असे मानणे हा ॲप घडवणाऱ्यांवर अन्याय होईल, आणि कामगाराच्या खिशाकडे न पाहता सर्वांवर सारखा दर लावणे हा श्रोत्यांवर.

याज्ञवल्क्यांच्या पित्याचा नियम या कोंडीत उपयोगी पडतो. वर्गणी आगाऊ न मागता ऐकून झाल्यावर मागितली, तर व्यवहाराचे स्वरूपच पालटते. महिनाअखेरीस ॲपने श्रोत्याला त्याने काय ऐकले हे दाखवावे, साठवणीचा आणि पोहोचवण्याचा खर्च किती आला हे उघड सांगावे आणि मग यथाशक्ती रक्कम मागावी. जो देणार नाही त्याच्या सोयी कमी झाल्या तरी खुल्या मालिकांचे ऐकणे चालू राहावे. ज्या कारखान्यात मालक कामगारांच्या चहापाण्याचा खर्च करतो, तिथे त्याने चार-पाचशे जणांची एकत्रित वर्गणी भरण्यासही काही अडचण नसावी, फक्त कोण काय ऐकतो याची नोंद त्याच्या हाती जाता कामा नये. रात्रपाळीच्या रखवालदाराला दासबोधाचा समास मध्ये न तुटता ऐकता यावा आणि त्यासाठी त्याच्या खात्यातून नकळत काही जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी रचना तंत्राच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. ती आजवर झाली नाही, कारण ती मागणारे श्रोते विखुरलेले आहेत आणि जाहिरातदार संघटित आहेत.